खलित्याचा मान

इनामदारांच्या दाराशी, पायऱ्यांच्या खाली, ओल्या मातीत माझा बाप नाक घासत होता. दसऱ्याचा दिवस होता. वर ओटीवर नवे कपडे घातलेली माणसं बसली होती. त्यांतलं कुणीही रागावलेलं नव्हतं, हे मला आजही नीट आठवतं. राग असता तर एक वेळ समजलं असतं. ती हसत होती. एका बाईने तोंडाला पदर लावला होता, पण तिचे खांदे हलत होते. ओटीवरून कुणीतरी म्हणालं, "अजून एकदा. नीट लागलं नाही."

बापाने अजून एकदा घासलं.

मी आठ-नऊ वर्षांची होते. त्याच्या मागे उभी होते.

सई, कुणाल, तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "आजी, खलिता म्हणजे काय?" दसऱ्याआधी घरच्या ग्रुपवर एका निमंत्रणपत्रिकेचा फोटो आला होता. त्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'खलित्याचा सोहळा'. खाली आपल्या प्रवीणमामाचं नाव होतं आणि माझंही. सई, तू लिहिलं होतंस, मामा फेट्यात कसा दिसेल, व्हिडिओ नक्की पाठव. व्हिडिओ आला नाही म्हणून तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, नंतर सांगते. ते आता सांगते. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे क्रमाने सांगितल्याशिवाय मला सांगता येत नाही. तुमच्या आईने तुम्हाला तिकडे परदेशात राहूनही मराठी वाचायला शिकवलं, म्हणून मराठीतच लिहिते. हे मला इंग्रजीत लिहायचं नाही.

आमचं गाव भोर तालुक्यात, हिर्डोशीच्या बाजूला, डोंगरात. भात, नाचणी आणि पायवाटा. आम्ही महार. गावचा निरोप नेणं, सरकारी टपाल नेणं, कुणी मेलं तर पावण्यांच्या गावी सांगायला जाणं, ही कामं आमची. खिंडीच्या पलीकडे इनामदारांचं गाव. दर दसऱ्याला आमच्या गावचे पाटील इनामदारांना सोनं लुटायला येण्याचं आमंत्रण पाठवत. मजकूर दरवर्षी तोच. कुळकर्णी तो निळ्या शाईने नव्याने लिहीत आणि लाल रेशमी पिशवीत घालून पिशवीच्या तोंडाला दोरी बांधत. ह्याला म्हणायचं खलिता. संस्थानं गेली, राजे गेले, पण आमच्या खोऱ्यातली ऐट गेली नव्हती.

तो पोचवायचं काम आमच्या घराकडे होतं. कसा न्यायचा, त्याची रीत ठरलेली. कुळकर्णी पिशवीची दोरी एका लांब काठीच्या टोकाला अडकवत. आबा, म्हणजे माझा बाप, काठीचं खालचं टोक धरी. पिशवी वर, आबा खाली. खिंड चढून उतरेपर्यंत त्याने पिशवीला बोट लावायचं नाही. पलीकडे इनामदारांचा गडी तांब्या घेऊन उभा असे. तो पिशवीवर पाणी शिंपडी, मग काठीवरून काढून आत नेई. पाणी कशाला, ते तुम्हाला कळलं असेल. महाराच्या काठीला लटकून आलेली वस्तू शुद्ध करून घ्यायची म्हणून.

त्या वर्षी मी हट्ट करून आबाबरोबर गेले. इनामदारांचा दसरा बघायचा होता. वाटेत मी काठी मागितली. आबा म्हणाला, "नगं पोरी. पडला तर आपल्या गळ्यात येतंय."

पडलाच. आम्ही अंगणात पोचलो. आबाने काठी वर केली. दोरी सुटली आणि पिशवी खाली आली. खाली चिखल होता. मी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी झेलली.

मला वाटलं, शाबास म्हणतील.

गडी ओरडला. मी दचकून पिशवी पायरीवर ठेवली. एरवी चार थेंब शिंपडायचे. त्या दिवशी गडी म्हणाला, "पोरीनं हातात धरला, आता चार थेंबांनी काय व्हतंय," आणि त्याने आख्खा तांब्या वरून ओतला. मग पिशवी वर दिली. इनामदारांनी ओटीवर बसून ती उघडली. आतून ओला कागद निघाला आणि निळं पाणी त्यांच्या नव्या धोतरावर ओघळलं. अक्षर एक राहिलं नव्हतं.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. ओटीवर हशा पिकला. तसं बघितलं तर हसण्यासारखंच होतं. आमंत्रण त्यांनीच धुऊन टाकलं होतं, आणि मजकूर सगळ्यांना तोंडपाठ होता. पण धोतराला डाग पडला होता आणि कुणाच्या तरी माथी मारायला हवा होता.

"सणाच्या दिवशी खलिता बाटवला आणि नासवला," इनामदार म्हणाले. "कुणाची पोर ही? नाक घासायला लाव तिला."

आबाने काठी खाली ठेवली. म्हणाला, "लेकरू हाय, म्हाराज. म्या घासतो."

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

परतीच्या वाटेवर ओढ्याला थांबलो. आबाने तोंड धुतलं. नाकाचं कातडं सोलवटलं होतं. त्यात माती भरली होती आणि ती निघत नव्हती. तो बोटाने काढत राहिला. मग म्हणाला, "पुढल्या साली म्या न्हाई जायचा." घरी गेल्यावर आईला सांगितलं, घसरून पडलो.

पुढल्या वर्षी तो गेला. त्याच्या पुढल्याही. महार वतनं रद्द करणारा कायदा झाला तरी आणखी काही वर्षं गेला. कायद्याला खिंड चढून यायला वेळ लागतो. मी मात्र पुन्हा त्या अंगणात पाय ठेवला नाही. आबाने मला भोरच्या शाळेत घातलं, वसतिगृहात ठेवलं. मी इंग्रजी घेऊन शिकले आणि भोरमध्येच इंग्रजीची बाई झाले.

इंग्रजी शिकले तेव्हा वाटलं होतं, ह्या भाषेत तरी नाक घासणं नसेल. तेही खोटं निघालं. अर्ज कसा लिहावा, ह्या धड्याची सुरुवातच 'आय बेग टु स्टेट' अशी. म्हणजे, सांगण्याचीही भीक मागतो. शेवट काय, तर आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक. मी वर्गात ती दोन्ही वाक्यं खोडायला लावली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पद्धत आहे." मी म्हटलं, "असू दे. माझ्या वर्गात भीक मागायची नाही." एवढं एक मी नोकरीत केलं, आणि ते निवृत्त होईपर्यंत केलं.

आता ह्या वर्षाचं.

गणपती उठले आणि आठवड्याभरात इनामदारांचे नातू माझ्याकडे आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेत, पुण्यात राहतात. चांगले शिकलेले, बोलायला मऊ. आल्या आल्या म्हणाले, "बाई, तुमच्या हातचा चहा घेणार." चहा घेताना तीनदा म्हणाले, चहा फार छान झालाय. कप रिकामा करून माझ्यासमोर धरला. बघा, प्यायलो. मी आयुष्यात किती जणांना चहा दिला असेल. रिकामा कप असा दाखवणारा माणूस हाच.

मग कामाचं निघालं. त्यांच्या घराण्याचा मेळावा ठरला होता. पुण्यामुंबईचे, परदेशातले सगळे नातेवाईक दसऱ्याला येणार. नसरापूरजवळचं एक मोठं मंगल कार्यालय घेतलेलं. तिथे जुन्या दरबाराचा देखावा करायचा आणि खलित्याची प्रथा पुन्हा सुरू करायची.

"खलिता आणायचा मान तुमच्या घराण्याचा," भाऊसाहेब म्हणाले. "तुमच्या भाच्याने आणावा अशी आमची इच्छा आहे. आणि तुम्ही पाच मिनिटं त्या शब्दाचा अर्थ, उगम वगैरे सांगा. आमच्या नातवंडांना मराठी कळत नाही, तर थोडं इंग्रजीतून."

"मान," मी म्हटलं.

"मानच की. प्रत्येक घराण्याला काही ना काही मान असतो. आम्ही कुणाला विसरलेलो नाही."

मी म्हटलं, प्रवीणशी बोलून कळवते. त्यांनी वाट पाहिली नाही. पत्रिका छापली.

प्रवीण माझ्या भावाचा मुलगा. नसरापूरला त्याचा टेम्पो आहे. कष्टाळू, हसरा, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. तो खूश होता. पत्रिका घेऊन आला आणि आपलं नाव मला बोटाने दाखवलं.

"आत्या, फेटा बांधनार हायेत. शूटिंग बी करनार, डोरोन का काय ते वरून."

"पायात काय घालणार?"

"कायच न्हाई. अनवानी. पारंपरिक म्हनं."

"आणि ते काय घालणार?"

"त्येंच्या मोजड्या." तो जरा थांबला. "आत्या, आता कुठं कोन शिवाशिव पाळतंय? नाटक हाय ते. चार लोकांत आपलं नाव व्हतंय तर हुं द्या की."

तेव्हा मी त्याला त्याच्या आज्याचं सांगितलं. अंगण, पिशवी, तांब्या, नाक. ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आबानेच सांगितलं नव्हतं, तर मी कशी सांगू, असं वाटायचं. प्रवीण पत्रिकेकडे बघत बसला. मग म्हणाला, "आज्या पडला व्हता न्हवं? आमाला तर त्येच सांगितलं."

"पडला नव्हता."

त्याने पत्रिका घडी घालून खिशात ठेवली. पण नाही म्हणाला नाही. म्हणाला, "त्यो काळ येगळा व्हता. भाऊसाहेब तसे न्हाईत. रंगीत तालमीला या तुमी. सवताच्या डोळ्यांनी बघा. मग बोलू."

मी कबूल झाले. तोवर भाषणाची तयारी केली. तुम्ही विचारलंत तेच मीही कोशात शोधलं. मूळ शब्द अरबी, खरीता. अर्थ पिशवी, थैली. फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत त्यातल्या 'र'चा 'ल' झाला. राजे एकमेकांना पत्रं पाठवत ती जरीच्या थैलीत घालून, दोरी बांधून, वर मोहोर लावून. साध्या माणसाचं पत्र ते पत्र. थैलीतून गेलं तो खलिता. हळूहळू थैलीचं नाव आतल्या कागदाला पडलं. अरबी बोलणारे आज त्याच शब्दाने नकाशाला ओळखतात. इंग्रजीतलं बजेटसुद्धा मुळात चामड्याची छोटी पिशवीच. हे सगळं मला आवडलं. आयुष्यभर शब्दांवरच पोट भरलंय, शब्द उकलला की बरं वाटतं.

मग कोश मिटला आणि शिसारी आली. थैलीची नोंद होती, दोरीची होती, मोहोरेची होती. थैली कोण वाहत होतं, ते एकाही कोशात नव्हतं. जणू ती हवेतून जात होती. मी भाषणाच्या शेवटी चार ओळी घातल्या: आमच्या खोऱ्यात खलिता महार नेत असे, काठीला लटकवून, कारण त्याने शिवलेलं चालत नसे. भाऊसाहेबांनी भाषण आधी मागितलं होतं, म्हणून पाठवलं. त्यांचं उत्तर मोबाईलवर आलं. 'फारच अभ्यासपूर्ण. फक्त शब्दाचा उगम ठेवावा. शेवटचा परिच्छेद नको. सणाचा दिवस आहे.'

रंगीत तालीम दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी होती. प्रवीण मला टेम्पोतून घेऊन गेला. कार्यालयात लोड, गाद्या, झुंबरं. अत्तराचा वास इतका की घशात बसत होता. उद्या दरबारी होणारे पाहुणे गाद्यांवर बसून मोबाईल बघत होते. भाऊसाहेबांनी मला पुढे खुर्ची दिली. पुण्याहून एक तरुण दिग्दर्शक आणला होता. त्याच्या हातात कागद होता. भाऊसाहेबांच्या चुलत्यांनी म्हणे जुन्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या, त्यातून त्याने सोहळा बसवला होता.

"दादा, चपला बाहेर," त्याने प्रवीणला सांगितलं. "दारात थांबायचं. पुकारा झाला की वाकत यायचं, मान खाली. पायऱ्यांपाशी आलात की जोहार घालायचा."

"जोहार म्हंजी?" प्रवीणने विचारलं. आमच्या घरात तो शब्द उच्चारून पिढी गेली.

"कमरेत वाकून हात जमिनीकडे न्यायचा. आणि काठी उंच धरायची. पिशवीला हात नाही लावायचा, हां. आठवणीत तसं स्पष्ट लिहिलंय."

प्रवीण अनवाणी दारात गेला. पुकारा झाला. तो वाकत आला. चाळिशी उलटलेला माणूस, रोज पोती उचलणारा. वाकलेला बघवत नव्हता. त्याने काठी वर केली. लाल पिशवी टोकाला हलत होती. भाऊसाहेबांचा मुलगा मोजड्या वाजवत पायरीपर्यंत आला.

"आता तांब्या," दिग्दर्शक म्हणाला. "पाणी शिंपडायचं. हळू. हे आपण स्लो मोशनमध्ये घेणार आहोत, दिव्याच्या उजेडात थेंब फार सुंदर दिसतात."

चांदीचा तांब्या मुलाच्या हातात आला. प्रवीणने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी उभी राहिले. "हे पाणी कशासाठी?"

"स्वागताचं, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "शुभ असतं. लांबून निरोप आला की पाणी शिंपडून घ्यायचा. केवढी सुंदर प्रथा होती बघा."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते खोटं बोलत नव्हते. हीच सगळ्यात किळसवाणी गोष्ट. आमच्या अंगावरचा विटाळ ज्या पाण्याने धुतला, ते पाणी त्यांच्या घरात दोन पिढ्यांत स्वागताचं झालं होतं. चुलत्यांनी काय केलं ते लिहिलं होतं. का केलं ते लिहायची गरज त्यांना वाटली नव्हती. आणि वाचणाऱ्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी सांगितलं. आवाज चढवला नाही. पाणी कशाचं, काठी लांब का, हात का नाही लावायचा, आणि तुमच्या आजोबांच्या अंगणात माझ्या बापाने काय केलं. गाद्यांवरचे मोबाईल खाली आले. एक बाई पुटपुटली, "सणाच्या तोंडावर कशाला हे."

भाऊसाहेब सावरले. बँकेत घासाघीस करून हात बसलेला. "ठीक आहे," ते म्हणाले, "आम्हाला कल्पना नव्हती. पाणी काढून टाकू."

"आणि जोहार?"

"तोही काढू."

"अनवाणी?"

"घालू दे चपला. हरकत नाही. आता तरी झालं?"

"मग उरलं काय, भाऊसाहेब? एक माणूस खाली उभा राहून तुमच्या मुलाला पिशवी देणार."

"मान आहे तो, बाई."

"एवढा मोठा मान असेल तर आम्ही एकट्याने किती पिढ्या घ्यायचा? ह्या वर्षी तो मी तुमच्या मुलाला दिला. काठी त्याने धरावी. प्रवीण गादीवर बसेल."

भाऊसाहेब पटकन म्हणाले, "तो कसा आणेल?"

म्हणाले आणि थांबले. त्यांचा मुलगा हातातल्या तांब्याकडे बघत होता. मला आणखी काही विचारायचं उरलं नाही. इतका वेळ चाललेल्या गोड बोलण्याची पिशवी त्यांनीच उघडली होती आणि आत काय होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

मग ते कोरडे झाले. "तुमचा नकार असेल तर लेखी कळवा. पत्रिकेत नावं छापली आहेत, आम्हाला उत्तर द्यावं लागेल."

"लेखी देणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला विचारून छापलं नव्हतं. तोंडाने सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या घरातलं कुणी येणार नाही."

प्रवीण अजून तसाच पायरीखाली उभा होता. मी त्याला काही सांगितलं नाही. ठरवायचं त्याचं होतं. त्याने काठी आडवी केली, पिशवी स्वतःच्या हाताने काढली, पंजात घट्ट धरली आणि भाऊसाहेबांच्या मुलापुढे केली.

"धरा," तो म्हणाला.

मुलाच्या एका हातात तांब्या होता. दुसरा हात मोकळा होता. तो पुढे आला नाही. लाजेने, भीतीने की सवयीने, मला सांगता येणार नाही. प्रवीणने जरा वेळ वाट बघितली. मग पिशवी गादीवर ठेवली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि टेम्पो सुरू केला.

वाटेत म्हणाला, "हात न्हाई फुडं केला त्येनं, आत्या. त्यो तर माज्या पोराएवढा. हिकडं आला की हॉटेलात आमच्या मांडीला मांडी लावून बसतोय."

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सोहळा झाला. पुण्याहून एक नट भाड्याने आणला. त्याला फेटा बांधला, अनवाणी चालवला, वाकवला. व्हिडिओ माझ्यापर्यंत आला, गावभर फिरला. त्यात सगळं आहे. जोहारसुद्धा. पाणीसुद्धा. मी पाण्याचा अर्थ सांगितल्यानंतर, कळल्यानंतर, शिंपडलेलं. थेंब खरंच दिव्याच्या उजेडात चमकतात. लोक टाळ्या वाजवतात. आदल्या दिवशीपर्यंत त्यांना माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगू शकत होते. आता तेही सांगू शकत नाही. व्हिडिओच्या शेवटी भाऊसाहेब हात जोडून म्हणतात, "दरवर्षी, ह्याच जागी." माझ्या जागी कुणीतरी प्राध्यापक बोलले. खलिता हा किती उदात्त शब्द आहे, असं म्हणाले.

आपल्यातलेही बोलले. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने प्रवीणला ऐकवलं, "बाई शिकली आन माजली. एक दिस वाकला असता तर काय कंबर मोडली असती का तुजी?" प्रवीण म्हणाला, "व्हय, मोडली असती." कार्यालयाची टेम्पोची कामं आता दुसऱ्याला जातात. तो त्याबद्दल माझ्याकडे बोलत नाही. त्याच्या बायकोने सांगितलं.

तर, सई, खलिता म्हणजे हे. व्हिडिओ मी पाठवणार नाही. कुणी पाठवला तर बघ, पण टाळ्यांचा आवाज बंद करून बघ, आणि त्या नटाच्या पाठीकडे बघ.

आबाने 'पुढल्या साली म्या न्हाई जायचा' म्हटलं आणि त्याला जावं लागलं. त्याच्यामागे कुणी नव्हतं. मी मात्र पुढल्या वर्षी जाणार आहे. माझी तब्येत ठीक आहे, गुडघे सोडून सगळं चालतं. दसऱ्याला सकाळीच त्या कार्यालयाच्या दारात, बरोबर मध्यावर, खुर्ची टाकून बसणार आहे. प्रवीण नेऊन सोडणार आहे, आणि म्हणतोय, मी जात नाही, मी पण बसतो. काठी घेऊन कुणी आला, भाड्याचा नट असला, कुठल्याही जातीचा असला, तरी त्याला आत सोडणार नाही. पोलीस बोलावतील तर बोलावू देत. मी पोलिसांना मराठीत सांगेन, इंग्रजीत सांगेन. तुमच्या आईला काळजी वाटते. तिला सांगा, भांडायला जात नाहीये. नुसती बसणार आहे.

सोहळा करायचा असेल तर त्यांना आधी मला तिथून उठवावं लागेल. मी आपणहून उठणार नाही. त्यासाठी त्यांना मला हात लावावा लागेल.